शिवेवर तापणारी गाडी

आमच्या घरात आजवर टॉवेल विकत आणलेला नाही. टोपी नाही, नारळही नाही. माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण या तीन वस्तूंसाठी मी दुकानाची पायरी चढलेली नाही. हे सगळं माझे सासरे परशराम, म्हणजे अख्ख्या कडोलीचे आप्पा, आणि त्यांची पांढरी अँबॅसिडर यांच्या कृपेनं.

शहाण्णव सालच्या एप्रिलमध्ये आप्पांनी ती घेतली. त्या वर्षी बटाटा असा पिकला की ठेवायला जागा उरली नाही, आणि आप्पांच्या डोक्यात काही शिरायला तेवढं निमित्त पुरतं. गाडी आली त्याच आठवड्यात शेजारच्या रवळूच्या बहिणीचं, नागुबाईचं लग्न निघालं. आमच्याकडे लग्न बहुतेक मुलाच्या गावी लागतं. नवरी सकाळी घरून निघते आणि वऱ्हाडाबरोबर मांडवात पोचते. तोवर नवऱ्या टेम्पोत, ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसून जायच्या. नागुबाई अँबॅसिडरच्या मागच्या सीटवर ऐसपैस बसून गेली आणि सगळ्या पंचक्रोशीला ते दिसलं. झालं. तेव्हापासून दहाबारा गावांत नवरी न्यायची ती आप्पांच्याच गाडीतून, असा रिवाज पडला. भाडं आप्पा घेत नसत. लोक मग टॉवेल-टोपी आणि नारळ द्यायचे. आमच्या आमटीत खोबरं एवढं का असतं, हे पाहुण्यांना कधी कळलं नाही.

गाडीला एकच खोड होती. ती तापायची. चढावर नाही, उन्हात नाही, बेळगावच्या गर्दीत नाही. नवऱ्या मुलाच्या गावची शीव आली की तापायची. आप्पा गाडी कडेला घ्यायचे, बॉनेट वर करायचे, आत तोंड घालून खेदानं मान हलवायचे आणि मामा, मावशी, करवली, जे कोण बरोबर असतील त्या सगळ्यांना सीटखालचे रिकामे कॅन देऊन पाणी आणायला पिटाळायचे. वीस मिनिटांनी गाडी निघायची. लोकांना याची इतकी सवय झाली होती की आमच्या भागातले भटजी वीस मिनिटं हाताशी राखूनच मुहूर्त सांगत.

माझ्याही वेळेला तापली. मी लोंढ्याची. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनीच मला आणायला यावं, यात गावाला काही वावगं वाटलं नाही, कारण गाडी त्यांची. मी मात्र रागात होते. रागात असले की मी कुणाला कशाला हात लावू देत नाही. माझी पेटीसुद्धा मीच उचलून डिकीत ठेवली आणि मग कडोलीपर्यंत रडत आले. शिवेवर गाडी थांबली. मावशी आणि भाऊ कॅन घेऊन विहिरीकडे गेले. मी पाय मोकळे करायला उतरले, तर आप्पा उघड्या बॉनेटमध्ये बघत, म्हणजे माझ्याकडे न बघता म्हणाले,

"पोरी, अक्षता अजून पडल्या न्हाईत. परत फिरायचं असलं तर आत्ताच सांग. गाडी माझी हाय. दोष बी गाडीलाच लागंल."

मी काही बोलले नाही. ते थांबले. मावशी लांबून येताना दिसली तेव्हा "बरं" म्हणाले आणि बॉनेट लावलं. मला वाटलं, मी त्यांच्या घरात येणार म्हणून त्यांनी मला विचारलं. एरवी गाडी खरीच तापत असेल. सव्वीस वर्षं मी हेच धरून चालले होते.

आता यंदाची गोष्ट. गाडीचा कागद पहिल्यांदा पंधरा वर्षांचा असतो, मग दर पाच वर्षांनी तपासणी होऊन वाढतो. अकरा साली वाढला, सोळाला वाढला, एकवीसला वाढला. यंदाच्या एप्रिलअखेर संपणार होता, आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझ्या मुलीचं, ऋतिकाचं लग्न. मुलगा निपाणीचा, स्वरूप. दोघं बेळगावात एकाच ऑफिसात असतात. चार वर्षं एका डब्यात जेवून त्यांनी लग्न ठरवलं, म्हणजे तिथं कुणी कुणाला फसवायला जागाच नव्हती. पण आप्पांनी एकच धोशा लावला होता. ऋतिका त्यांच्याच गाडीतून जाणार.

माझे यजमान विक्रम उद्यमबागेतल्या फौंड्रीत असतात. लोखंड वितळवून नवं करायचं हाच त्यांचा धंदा, त्यामुळं जुनं लोखंड दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. शिवाय त्यांनी नुकतीच बॅटरीवरची नवी गाडी घेतली होती. एक दिवस जेवताना ते म्हणाले, "आप्पा, गाडीचं आयुष्य पंधरा वर्सं. तसा हिशेब धरूनच बांधत्यात. तुमची तीस झाली."

"माझं किती धरलंय?"

"तुमचं कुठं धरलंय?"

"मग तिचं कशाला धरायचं?"

"आप्पा, मीटर कवाच बंद पडलाय. किती पळाली ते बी कुणाला ठावं न्हाय."

"मला ठावं हाय," आप्पा म्हणाले. "दोनशे अकरा नवऱ्या. बारावी आमची."

शेवटी असं ठरलं की तपासणीत पास झाली तर ऋतिका अँबॅसिडरमधून, नापास झाली तर गाडी भंगारात आणि ऋतिका नव्या गाडीतून. आप्पांनी कबूल केलं, पण उठताना पुटपुटले, "त्याची गाडी तापत न्हाय." आम्ही सगळे हसलो. म्हातारपणी माणसाला वरणात मीठ कमी लागतं, तशी ही तक्रार असेल असं मला वाटलं.

तपासणीला मीही गेले. खडेबाजारात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे आणि त्या दिवशी बस चुकली होती. तपासणीचे साहेब कन्नड, वयानं माझ्या मुलीएवढे, हातात वीतभर स्क्रू-ड्रायव्हर. "एष्टु वर्ष आतु?" त्यांनी विचारलं. "तीस," आप्पा मराठीत म्हणाले आणि शाबासकीची वाट बघत उभे राहिले. साहेबांनी बॉनेट उघडलं, कान लावला, बोट फिरवून वास घेतला. मग तोंडभर हसले.

"इंजिन छलो ऐती," ते म्हणाले आणि माझ्यासाठी मराठीत आले. "एकदम चांगलं, आक्का. हेड कधी उघडलेलं नाही, तापणाऱ्या गाडीचं उघडावंच लागतं. ही गाडी जन्मात कधी तापलेली नाही."

मी आप्पांकडे बघितलं. आप्पा कुंपणावरच्या एका कावळ्याकडे बघत होते.

मग साहेब मागं गेले. इथं मला माझ्या सासूबाईंचं, रुक्माबाईंचं, एक फर्मान सांगायला हवं. मी त्यांना आत्ती म्हणते. निघताना नवरीची ओटी भरतात, ते तांदूळ मांडीवरून गाडीत सांडतातच. आत्तींनी पहिल्याच लग्नात बजावलं होतं, ओटीचे तांदूळ केरसुणीनं झाडायचे नाहीत, पोरींचं चांगलं व्हायचं नाही. त्यामुळं गाडी बाहेरून आठवड्याला धुतली जायची आणि आतून तीस वर्षांत एकदाही झाडली गेली नव्हती. सांडलेले तांदूळ आप्पा बोटांनी मॅटखाली सरकवायचे. कडोलीच्या पावसात मॅटखाली ओल जायची, आणि तांदूळ ती ओल धरून बसायचे.

साहेबांनी मागच्या सीटपुढचं मॅट उचललं आणि स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. ठोकला नाही, नुसता टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला. त्यांनी तो बाहेर ओढला तर भोकातून खाली काळपट तांदूळ गळायला लागले, त्यांच्यामागून एक हळकुंड, दोन खारका, आणि एक सुपारी, जी घरंगळत थेट साहेबांच्या बुटाला जाऊन टेकली. साहेब दोन पावलं मागं सरले. त्यांना करणी वाटली असावी.

मी सगळं समजावून सांगितलं. साहेब ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा पडत गेला. "अण्णा," ते आप्पांना म्हणाले, "गाड्या इंजिनानं जात नाहीत, पत्र्यानं जातात. खालून चिखल लागून सडलेल्या रोज बघतो. आशीर्वादानं सडलेली पहिलीच." आणि त्यांनी नापासाचा शिक्का मारला. मारताना दुसरीकडे बघितलं, एवढं मी सांगू शकते.

आप्पांनी गाडी गुंडूकडे नेली. गुंडू आमचा वेल्डर, फुटलेल्या घमेल्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं जोडतो. तो गाडीखाली गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा डोक्यात तांदूळ होते. "आप्पा, पत्रा जोडायला पत्रा लागतोय," तो म्हणाला. "हितं नुसता रंग हाय." गाडी भंगारात द्यायचं नक्की झालं. आप्पा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवले, पण बोलले नाहीत. मी म्हटलं, "आप्पा, ऋतिका काय हुईना, गाडीतनंच जाणार की." तर म्हणाले, "त्या गाडीला थांबायला कारण न्हाय." आणि उठून गोठ्यात गेले.

भंगाराचा ट्रक लग्नाआधी दोन दिवस येणार होता. त्या सकाळी मी अंगणात आले तर आत्तींनी गाडी धुऊन, पुसून, पूर्वेला तोंड करून उभी करून घेतली होती आणि हातात ओटीचं ताट. "दोनशे अकरा पोरींची ओटी हिच्यात सांडली," त्या मला म्हणाल्या. "हिला तशीच मोकळी पाठवू व्हय?" नवरीचं मला कळतं, पण गाडीला ओटी कुठं असते हे मला सुचेना. आत्तींनी बॉनेटवर तांदूळ, खण आणि नारळ ठेवून प्रश्न निकालात काढला. नारळ उतारावरून खाली आला. पुन्हा ठेवला, पुन्हा आला. मग विक्रमनी, जे या गाडीला रोज शिव्या घालत होते त्यांनीच, टेप आणून तो चिकटवला.

आत्तींनी हे एकट्यानं ठरवलं असेल असं मला वाटलं होतं, पण नऊ वाजल्यापासून बायका यायला लागल्या. पायी, रिक्षानं, पोरांच्या मोटारसायकलींवर मागं बसून. दोनशे अकरापैकी चाळीसएक तरी आल्या. प्रत्येकीच्या हातात खण-नारळ. टेप संपला, विक्रम दुसरा आणायला पळाले. गाडीवर इतके नारळ झाले की ट्रकवाला येऊन बघून म्हणाला, "गाडी न्यायची हाय का देवी?"

वडगावहून अंजनी आली. ही आमच्या शेजारच्या गावची, आता विणकराच्या घरात दिलेली. स्वतःच्या मागावरची हिरवी साडी घेऊन आली होती, ती तिनं बॉनेटला गुंडाळली, निऱ्यासुद्धा घातल्या. मग चाकाला टेकून बसली आणि सहज म्हणाली, "आप्पांनी इचारलं नसतं तर मी आज कुठं असते कुणास ठाऊक."

"काय इचारलं?" मी म्हटलं.

"शिवेवर. परत फिरायचं का म्हणून."

अंगणातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मग नागुबाई हळूच म्हणाली, "तुला बी?" आणि मागून कुणीतरी, "म्हंजे मला एकटीला न्हाय?" आणि मग जो कालवा उठला, तो ऐकायला आप्पा घरात नव्हते हे बरं झालं. प्रत्येकीला तीच शीव, तेच कॅन, तेच शब्द. प्रत्येकीला वाटलेलं, आप्पांनी आपल्या एकटीसाठी गाडी थांबवली. बायका माझ्याकडे मापं देताना पोटातलं सगळं बोलतात. नवऱ्याचं घोरणं, दवापाण्याला पैसे न देणारी सासू, सगळं मला माहीत असतं. पण हे एकीनंही सांगितलं नव्हतं. मी धरून चाळीसजणी तोंडावर पदर घेऊन हसत होतो आणि त्यातल्या निम्म्याजणी रडतही होत्या.

"मी म्हटलं, फिरवा," अंजनी सांगत होती. "कारण काय बी न्हवतं. नको वाटत हुतं, येवढंच. आप्पांनी गाडी फिरवली आणि सगळ्यांना सांगितलं, इंजिन बसलं, मुहूर्त हुकला. वरसभर लोक गाडीला नावं ठेवत हुते. मला एकानं बी न्हाय ठेवली."

आत्ती एवढा वेळ ताटातले तांदूळ निवडत होत्या. त्यांना ठाऊक होतं. "मी बैलगाडीतनं आलते," त्या म्हणाल्या. "शिवेवर गाडीवानाला म्हटलं, फिरव. त्यो हसला. चार वर्सांनी भांडता-भांडता ह्यांना सांगितलं, तर दोन दिस जेवले न्हाईत." मग त्यांनी ताटातलं कुंकू उचललं आणि गाडीच्या दोन्ही दिव्यांना लावलं.

दुपारी गाडी ट्रकवर चढली, साडी आणि नारळांसकट. आप्पा गोठ्यातून बाहेर आले नाहीत. आणि मला एकदम कळलं की त्यांचं काय अडलं होतं. गाडी गेल्याचं दुःख होतंच. पण दोनशे अकराजणींना विचारलं आणि स्वतःच्या नातीला विचारायचं राहणार होतं. नवी गाडी तापत नाही. पोरीला एकटीला गाठायला दुसरं निमित्त त्यांना आयुष्यात कधी लागलंच नव्हतं.

लग्नाच्या दिवशी आम्ही पहाटेच निघालो. विक्रम चालवत होते, शेजारी आप्पा, मागं मी आणि ऋतिका. ही गाडी चालते की थांबली आहे हे काचेतून झाडं बघूनच कळतं. हत्तरगी गेलं, संकेश्वर गेलं. आप्पा पुढच्या काचेतून समोर बघत होते आणि त्यांचा हात मांडीवर गिअर बदलत होता. तवंदीचा घाट लागला. घाट उतरला की निपाणी.

"अहो, गाडी थांबवा," मी म्हटलं. "पोटात ढवळालंय."

"ह्या गाडीत?" विक्रमना धक्काच बसला. "हिच्यात पाणी बी हालत न्हाय."

"मग मी काय खोटं बोलते व्हय? थांबवा."

गाडी थांबली. मी तोंडाला पदर लावून उतरले आणि विक्रमचा दंड धरला. "मला पाणी पायजे."

"गाडीत बाटली हाय की."

"गार पायजे."

वळणावर एक टपरी होती. मी तिथं आधी पाणी प्याले, मग लिंबू सोडा, मग चहा. मग मला बसायला लागलं. विक्रम घड्याळ बघत होते आणि मी सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांना कधी न विचारलेले प्रश्न विचारत होते, फौंड्रीत लोखंड किती तापवतात वगैरे. ते खुलले. तापमानावर त्यांना बोलायला आवडतं.

परत आलो तर आप्पांनी बॉनेट उघडलेलं. आत इंजिनच्या जागी नुसता डबा, त्यात ते गंभीरपणे बघत होते. मागं ऋतिका काजळ गालावर येईतो हसत होती.

"काय झालं गं?" मी तिच्या खिडकीशी वाकले.

"आप्पांनी इचारलं मला. मी म्हटलं, आप्पा, तुमची गाडी तर गेली ट्रकातनं, आणि ही पप्पांची. मी न्हाय म्हटलं तर न्हेणार कशातनं? तर म्हणतात, चालत."

"मग तू काय म्हटलंस?"

"मी म्हटलं, आप्पा, स्वरूप वाट बघत असंल, बॉनेट लावा."

"कशाला इचारलं? काय इचारलं?" विक्रम म्हणाले. मी त्यांना रुमाल दिला आणि पुढची काच पुसायला सांगितलं. काच स्वच्छ होती, पण ते पुसायला लागले.

मी आप्पांजवळ गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. डब्यातच बघत म्हणाले, "माधवी, तू तवा काय बोलली न्हवतीस. समद्या बोलल्या, चला म्हणाल्या, एक फिरवा म्हणाली. तू गप. गप बसलीस ते मी व्हय धरलं. आपल्याच घरात आणायची हुती म्हणून तसं धरलं का काय, असं सव्वीस वर्सं मनात हाय."

मी त्यांच्याशेजारी बॉनेटखाली वाकले.

"आप्पा," मी म्हटलं, "लोंढ्याला माझी पेटी मीच डिकीत ठेवली हुती. तितं पाण्यानं भरलेले दोन कॅन हुते."

आप्पांनी मान वर केली.

"आणि शिवेवर तुम्ही मावशीला रिकामे कॅन दिऊन विहिरीला धाडलंत. तवाच ठरवलं, ह्या माणसाच्या घरात जायाचं. रडत हुते म्हणून बोलायला झालं न्हाय."

खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसत राहिले. मग बॉनेट लावलं, या खेपेला पुढं बसले नाहीत, मागं ऋतिकाशेजारी जाऊन बसले आणि लेकाला म्हणाले, "चल रं. वीस मिन्टं झाली."